शेताची विणलेली मॅट सपाट बसत नाही? उसवण्याआधी ओढ शोधा

मुलांना खेळायला शेताचं चित्र असलेले चौकोन जोडून केलेली मॅट विणून होते, कौतुकाने फरशीवर अंथरतो आणि ती बसतच नाही. तक्रार एकच असली तरी तिची रूपं वेगवेगळी असतात, आणि रूप नीट पाहिलं की अर्धं निदान तिथेच होतं. म्हणून आधी बघा, तुमच्या मॅटचं यातलं काय होतंय:

- वरची आणि खालची कड चित्राच्या बाजूला गुंडाळते, डाव्या-उजव्या कडा पाठीमागे मुडपतात. हाताने दाबली की बसते, हात काढला की पुन्हा वर.
- चारही कोपरे उचललेले आणि मधला भाग खाली. पळसाच्या पानाचा द्रोण दिसतो तशी.
- याच्या उलट, मधलं सगळं सपाट पण काठाला झालर.
- बाकी सगळे चौकोन चांगले, एकच फुगलेला किंवा चुण्या पडलेला. बहुतेक वेळा तो बैलाचा किंवा गाईचा असतो.
- मॅट तिरकी झालेली. एक कोपरा लांब ओढल्यासारखा.
- विणून झाली तेव्हा छान होती, पहिल्या धुण्यानंतर बिघडली.

मी अमळनेरला राहते. पहिली मॅट भाचीच्या बाळासाठी केली होती. ५ बाय ५ असे २५ चौकोन, प्रत्येक चौकोन २० सेंटीमीटरचा, म्हणजे पूर्ण मॅट १ मीटर लांब आणि १ मीटर रुंद. खालच्या दोन रांगांत काळी माती आणि कपाशी, मधून आडवी तापी, तिच्या पलीकडे केळी आणि ज्वारी, वर सातपुडा. अमळनेरहून चोपड्याला माहेरी जाताना तापीचा पूल ओलांडला की जे दिसतं, तेच सगळं. मॅट अंथरल्यावर कोपरे वर आले. सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हाऊ ते द्रोण व्हई गया वं!" मला वाटलं काठ चुकला. एका बाजूला २२० टाके, चार बाजूंचे ८८०. तो काठ मी तीनदा उसवला आणि तीनदा विणला. चूक काठात नव्हतीच. बैलजोडीच्या चौकोनात पाठीमागून नेलेले धागे घट्ट होते आणि तेवढा एक चौकोन सगळ्या शेजाऱ्यांना आत ओढत होता.

त्यानंतर आजवर घरच्या आणि ओळखीच्या बायकांनी आणून दिलेल्या अशा बऱ्याच मॅट मी सरळ केल्या. प्रत्येक वेळी आधी एकच गोष्ट शोधते: ओढ कुठे आहे. विणलेलं कापड उगीच वर येत नाही. कुठली तरी एक जागा शेजारच्या जागेपेक्षा आखूड असते किंवा लांब असते, आणि ती आपलं माप सांभाळायला दुसरीकडून कापड उचलते. ती जागा सापडेपर्यंत काहीही उसवायचं नाही. खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि सगळ्यात कष्टाच्या कामाशी संपतो. क्रम सोडू नका, मध्येच उडी मारली की माझ्यासारखे ८८० टाके तीनदा घालावे लागतात.

आधी नुसतं अंथरा आणि थांबा

खर्च काही नाही. शेणाने सारवलेल्या अंगणात किंवा पलंगावर नको, घरातल्या सपाट फरशीवर अंथरा. गादीवर कुठलीच मॅट सपाट दिसत नाही. मॅट कपाटात गुंडाळून ठेवलेली असेल तर उलटी टाका, वर चादर पसरून डबे किंवा पुस्तकं ठेवा आणि रात्रभर सोडा. सकाळी बसलेली असेल तर तो फक्त घडीचा मोड होता, पुढचं काही वाचायची गरज नाही.

नाही बसली तर कड कोणत्या बाजूला वळते ते बघा. वर-खाली चित्राकडे आणि डावी-उजवी पाठीकडे असं असेल तर ती ओढ नाही, विणीचा स्वभाव आहे. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशी साधी वीण घेतली की समोर गव्हाच्या ओंबीसारखे टाके दिसतात आणि पाठीमागे नुसत्या आडव्या गाठी. प्रत्येक टाका एकाच बाजूला थोडा वाकलेला असतो, आणि सगळे एकाच बाजूला वाकलेले असल्यामुळे कड वळतेच. उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले की कड आधी वाळते आणि वर उचलते ना, तसंच दिसतं. हे धुऊन जात नाही, वाफेने जात नाही, वजन ठेवून तर मुळीच जात नाही. हात लावल्यावर दोन दिवस बरं दिसतं आणि परत वळतं.

सगळ्या ओळी सुलट विणल्या की एक ओळ इकडे वाकते, पुढची तिकडे, आणि कापड सपाट राहतं. एक सुलट एक उलट करत पुढच्या ओळीत त्यांची अदलाबदल करायची, त्या साबुदाण्यासारख्या विणीचंही तसंच. त्यामुळे मॅटसाठी माझं मत स्पष्ट आहे: जमिनीचे चौकोन सगळे सुलट ओळींचेच करा. तसंही काळ्या लोकरीत सुलट ओळींच्या उठावदार रेघा आल्या की नांगरलेल्या सऱ्या दिसतात, आणि मुलं त्यातून बोट फिरवत नांगर चालवतात. साधी वीण फक्त नदीला आणि आभाळाला ठेवा, आणि तीही मध्ये, काठाला नाही.

साध्या विणीची मॅट विणून झालेलीच असेल तर दोन उपाय आहेत. सुलट विणीचा निदान ४ ते ५ सेंटीमीटर रुंद काठ, किंवा पाठीला सुती कापड. कापडाचं पुढे सांगते.

टेप घ्या आणि मापं लिहा

शिवणाच्या टेपने चारही बाजू मोजा आणि मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं घ्या. १ मीटर बाजूच्या मॅटची तिरकी मापं साधारण १४१ सेंटीमीटर यायला हवीत, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही सारखी हवीत. सुतार दाराची चौकट अशीच तपासतो. बाजू सारख्या आणि तिरकी मापं वेगळी असली तर मॅट नुसती ओढली गेली आहे, पाण्याने सुटेल. समोरासमोरच्या बाजूच वेगळ्या असतील तर टाके बंद केलेली कड घट्ट आहे किंवा चौकोनांच्या मापात फरक आहे.

सगळ्यात महत्त्वाचं माप मात्र लोक घेत नाहीत. काठापासून ५ सेंटीमीटर आत मॅटची रुंदी मोजा आणि मग अगदी काठावर मोजा. काठावर कमी भरली तर काठ आत ओढतोय, म्हणून द्रोण. काठावर जास्त भरली तर झालर. ही दोन मापं घेतली असती तर माझा काठ मी एकदाही उसवला नसता. दोन्ही सारखीच होती.

पाणी

नवी विणलेली मॅट न धुता अंथरू नका. विणताना धागा सुईवर ताणलेला असतो. ओला झाला की टाके आपापसात धागा वाटून घेतात आणि बारीकसारीक ओढ आपोआप निघते. मी पाहिलेल्या मॅटमध्ये कितीतरी एवढ्यावरच सरळ झाल्या.

कोमट पाणी, साधा सौम्य साबण, पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचं, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबायचं. मग सतरंजीवर जाड चादर घालून त्यावर मॅट हाताने मापात बसवायची आणि काठाला टाचण्या लावायच्या. टाचण्या न गंजणाऱ्याच हव्यात, गंजाचा डाग पिवळ्या केळीवर कायमचा बसतो. दोरीवर वाळत घातली तर पाण्याच्या वजनाने लांबट होईल आणि नवीन दुखणं सुरू होईल. आपल्याकडे चैत्र-वैशाखात ऊन इतकं कडक की सावलीतसुद्धा ती लवकर वाळते. गच्चीवर उन्हात टाकू नका, लाल आणि निळा रंग उडतो.

आता लोकर कसली आहे ते कळायला हवं, कारण पुढची पायरी त्यावर आहे. बोटभर धागा चिमट्यात धरून, सिंकवर, मुलं जवळ नसताना, काडीने पेटवा. केस जळाल्यासारखा वास आला तर खरी लोकर. कागद जळाल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे सूत. वितळून टोकाला कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. आपल्या बाजारात बाळाची लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिकच असते. सूत आणि खरी लोकर पाण्याने बसते. अ‍ॅक्रिलिकवर पाण्याचा परिणाम थोडाच होतो, तिला वाफ लागते. वर ओलं सुती फडकं धरा आणि इस्त्री त्याच्याही वर दोन बोटं अधांतरी फिरवा. इस्त्री टेकवायची नाही, एक क्षणही नाही. अ‍ॅक्रिलिक फार तापलं की त्यातला जीव जातो, कापड लोंबकळतं आणि चकाकायला लागतं. ते परत कधीच पहिल्यासारखं होत नाही. एका मैत्रिणीने सहा महिन्यांचं काम असं दोन मिनिटांत घालवलं, म्हणून इतकं बजावून सांगते.

टाके बंद केलेली कड

एकच बाजू आखूड असेल तर जवळजवळ नेहमी ती शेवटची बाजू असते, जिथे टाके बंद केले. संपायची घाई असते, हात घट्ट होतो. ती कड दोन्ही हातांनी ताणा आणि मग तिच्या जरा खालचं कापड ताणा. कापड ताणतं आणि कड ताणत नाही, मग दोष तिथेच आहे.

तेवढी एकच ओळ उसवा, टाके सुईवर घ्या आणि दोन नंबर जाड सुईने बंद करा. आपल्याकडे सुईचा नंबर जितका लहान तितकी सुई जाड. ८ नंबरवर, म्हणजे ४ मिलीमीटरच्या सुईवर विणलं असेल तर बंद करायला ६ नंबर घ्या, ती ५ मिलीमीटरची असते. सुया पन्नास-शंभर रुपयांत येतात, आणि हे अर्ध्या तासाचं काम आहे.

सुरुवातीची, टाके घातलेली कड घट्ट असेल तर गोष्ट अवघड आहे. ती बाजू ओढून उसवत नाही. एक ओळ आत एक टाका कापून, धागा एकेक करत काढून टाके मोकळे करावे लागतात. हात बसलेला असेल तरच करा. नाहीतर ती तशीच ठेवून पाठीच्या कापडावर भरवसा ठेवा.

मॅट उलटी करा: पाठीमागचे धागे

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा. बैल, गाय, बैलगाडी, विहिरीचा रहाट असलं चित्र एका चौकोनात दोन-तीन रंगांत विणतो तेव्हा जो रंग त्या घडीला लागत नाही तो पाठीमागून पुढे नेतो. हा धागा विणलेला नसतो, नुसता आडवा पडलेला असतो. समोरचं कापड ताणतं, हा ताणत नाही. विणताना टाके सुईवर दाटीने बसलेले असतात आणि आपण धागा तेवढ्याच अंतराचा सोडतो. सुईवरून उतरल्यावर कापड पसरतं आणि धागा अपुरा पडतो. मग समोर बैलाचं पोट फुगतं.

बैलजोडीच्या त्या चौकोनात पाठीवर शिंगापासून शिंगापर्यंत नऊ टाक्यांवरून गेलेला एक पांढरा धागा होता. चौकोन दोन्ही हातांनी रुंदीत ताणला तर कापड अजून यायला तयार, आणि तो धागा मात्र सतारीच्या तारेसारखा ताठ. तशा सात तारा होत्या, एकाखाली एक. तपासायची रीत हीच: चौकोन पूर्ण ताणा आणि पाठीवर करंगळी फिरवा. ताठ लागेल तो गुन्हेगार.

असे दोन-तीनच धागे असतील तर ते सोडवता येतात. आधी त्या धाग्याच्या दोन्ही टोकांना, त्याच रंगाच्या लोकरीने, टाक्यावर टाका शिवत तीन-चार टाके पक्के करा. मगच धागा मधोमध कापा आणि टोकं पाठीच्या टाक्यांत ओवून टाका. आधी कापून मग शिवायला गेलात तर टाके सुटून बैलाच्या तोंडाला भोक पडेल. पाच-सहापेक्षा जास्त धागे ताठ असतील तर त्या चौकोनाशी झगडू नका, तेवढा नवीन विणा. दोन-तीन संध्याकाळी जातील, पण प्रश्न संपेल. नवीन विणताना प्रत्येक रंगाच्या लोकरीची छोटी वेगळी गुंडाळी घ्या आणि रंग बदलताना दोन्ही धागे पाठीमागे एकमेकांवरून फिरवा. फिरवले नाहीत तर रंगांच्या मध्ये चीर राहते. याहून सोपा मार्ग म्हणजे चौकोन एकरंगी विणून बैल वरून सुईने टाक्यावर टाका शिवायचा. मी आता तेच करते.

हे धागे मोकळे सोडायचे नाहीत याचं मॅट फुगण्याहून मोठं कारण आहे. खेळणाऱ्या बाळाची बोटं त्यात अडकतात. बारीक धागा पायाच्या किंवा हाताच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबू शकतो. दोन-तीन टाक्यांहून लांब धागा पाठीवर मोकळा दिसला तर तो बांधल्याशिवाय किंवा पाठीला कापड लावल्याशिवाय मॅट मुलाला देऊ नका.

शिवणी

दोन चौकोनांमधली शिवण दोन्ही हातांनी ताणा. कापड येतं आणि शिवण अडते, मध्ये कट असा आवाज येतो, म्हणजे दोरा घट्ट आहे. तो कापून काढून परत शिवा. दर १० सेंटीमीटरला थांबून शिवण ताणायची आणि दोरा आत जाऊ द्यायचा. सुलट विणीत दोन ओळींची एक उठावदार रेघ होते, त्या रेघेला रेघ जुळवा: इकडे ४४ आणि तिकडे ४४. एका बाजूला दोन रेघा उरल्या आणि त्या शेवटी दाबून बसवल्या तर तोच कोपरा वर येतो.

काठ

आता काठावर या. एवढ्या सगळ्यानंतर. काठासाठी बाजूने टाके किती उचलले यावर सगळं आहे. सुलट विणीच्या बाजूने प्रत्येक रेघेला एक टाका. २० सेंटीमीटरच्या चौकोनाला ४४ रेघा, पाच चौकोनांच्या २२०. साध्या विणीच्या बाजूला प्रत्येक ओळीतून टाका उचलला तर झालर होणारच, कारण तिथे ओळी जास्त असतात. चार ओळींतून तीन टाके उचला, मधूनमधून एखादा जास्त. काठ कसाही असला तरी एका बाजूचा आकडा २२०च्या आसपास यायला हवा. झालर असेल तर टाके जास्त आहेत, द्रोण असेल तर कमी.

कोपऱ्यात टाके वाढवायचे राहतात, हेही नेहमीचं. काठ बाहेर जाईल तसा कोपरा लांब होतो. सुलट विणीच्या काठात कोपऱ्याच्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका, दर दुसऱ्या ओळीला. हे विसरलं तर चारही कोपरे उभे राहतात, मग बाकी सगळं कितीही बरोबर असो.

चौकोनांची मापं

इथवर आलात आणि मॅट अजून वरच, तर दोष चौकोनांत आहे. प्रत्येकावर मधोमध १० सेंटीमीटर मोजा आणि त्यात किती टाके आहेत ते मोजा. साध्या मध्यम जाडीच्या लोकरीत ८ नंबरवर २२ टाके येतात. एखाद्या चौकोनात २४ आले तर ४४ टाक्यांचा तो चौकोन २० ऐवजी जेमतेम १८ सेंटीमीटरच भरतो. अशा पाच चौकोनांची एक रांग झाली तर मीटरला ८ सेंटीमीटर कमी.

दोन टाक्यांचा फरक पडतो कसा? आमच्या इथे दुकानात लोकर दिवाळीच्या सुमाराला येते आणि संक्रांत झाली की वरच्या कपाटात जाते. पंधरा चौकोन थंडीत विणले जातात, उरलेले मे महिन्यात. उन्हाळ्यात हाताला घाम येतो, अ‍ॅक्रिलिक सुईला चिकटतं, आपण नकळत धागा घट्ट धरतो. लोकरही दुसऱ्या खेपेची असते, तोच रंग पण जाडी बोटाला वेगळी लागते. म्हणून सगळी लोकर एकदम घ्या आणि वेष्टनावरचा रंगाच्या खेपेचा आकडा जुळवून घ्या. उन्हाळ्यात हात धुऊन, पहाटे किंवा रात्री विणा. हात घट्ट पडतोय असं दिसलं तर एक नंबर जाड सुई घ्या.

दुसरं कारण विणीचं. सुलट विणीत ४४ टाके आणि ८८ ओळी, म्हणजे ४४ रेघा, असा चौकोन होतो. साध्या विणीत त्याच ४४ टाक्यांना ५६ ओळी पुरतात. तिथेही ८८ ओळी विणल्या तर चौकोन ३१ सेंटीमीटर उंच होतो. बायका ओळी मोजून विणतात आणि नदीचा चौकोन लांब होतो, मग तो दाबून शिवतात आणि तापी फुगते. तापीला लाटा म्हणून वेण्या घातल्या तर वेगळाच प्रकार, वेणी कापड आत ओढते आणि रुंदी कमी भरते. नमुना विणून मोजा आणि तितके टाके आधीच वाढवा. कपाशीच्या बोंडांसाठी एका टाक्यात पाच टाके काढून परत एक करतो, ती बोंडंही जवळजवळ आली की कापड आवळतात. एका चौकोनात सात-आठ पुरे, दिसतातही छान.

तिसरं, धागे मिसळणं. कापसाच्या मुलखात राहतो, तर कपाशीचा चौकोन सुतात करावा असं सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटलं होतं. सूत पहिल्या धुण्यात आटतं, अ‍ॅक्रिलिक आटत नाही. धुतल्यावर बिघडलेल्या मॅटमध्ये आधी हेच बघते. करायचंच असेल तर सुताची लडी आधी गरम पाण्यात धुऊन, वाळवून मग विणा.

पाठीला कापड

बारीक दोष, पाठीचे धागे आणि वळणाऱ्या कडा, तिघांनाही हा उपाय लागू पडतो. मांजरपाट किंवा जुनं सुती लुगडं घ्या. मांजरपाट आधी दोनदा धुऊन घ्या, नाहीतर नंतर तो आटेल आणि मॅट परत द्रोण होईल. मॅट धुऊन, मापात बसवून, पूर्ण वाळल्यावरच कापड कापा. मग गोधडीला घालतो तसा हाताने धावदोरा घाला, आधी चौकोनांच्या शिवणींवरून, मग काठाला, मधून बाहेर जात. मात्र चौकोनांत मोठा फरक असेल तर कापड तो झाकत नाही, उलट चुण्या पक्क्या करतं. गुळगुळीत टाइल्सवर मॅट सरकते, म्हणून खाली जाळीदार रबरी शीट टाका. नुकतं चालायला लागलेलं मूल सरकत्या मॅटवर आणि वळलेल्या कडेला अडखळून पडतं. सपाट बसण्याचा एवढा आग्रह मी त्यासाठीच धरते.

इथे थांबा

एक टाका सुटून शिडी पडली असेल तर क्रोशाच्या सुईने ती घरी चढवता येते. पण उंदराने कुरतडलं, कात्री लागली, मध्येच चार-पाच टाके तुटले, तर ओढाताण न करता सुटे टाके पिनेत अडकवा आणि विणकामाचा क्लास घेणाऱ्या बाईंकडे किंवा चांगल्या रफूवाल्याकडे न्या. पाठीचं कापड मशीनवर शिवायचं असेल तर घरच्या शिवणयंत्रावर करू नका, दाब विणलेल्या कापडाला पुढे ओढतो आणि सगळी मेहनत तिरकी होते. जाड काम करणाऱ्या टेलरकडे द्या, आणि कापड आधी हाताने टाचून द्या. इस्त्रीने वितळलेला चौकोन कोणीच दुरुस्त करत नाही, तो काढून नवीन घाला. पावसाळ्यात काळी बुरशी आतपर्यंत गेली असेल तर ती मॅट बाळाला देऊ नका.

बाळाचं बोट लाल किंवा निळं पडून सुजलं आणि त्याला धागा दिसला, आणि तो लगेच निघत नसेल, तर घरी खटपट न करता ताबडतोब डॉक्टरकडे न्या. आणखी एक. गाय हंबरावी म्हणून आत आवाजाची बॅटरीवाली डबी शिवायची पद्धत निघाली आहे. ती मी करत नाही आणि कोणाला करूही देत नाही. चपटी गोल बॅटरी बाळाने गिळली, किंवा गिळल्याचा नुसता संशय असला, तरी उलटी काढायचा प्रयत्न न करता त्याच मिनिटाला दवाखाना गाठायचा. डोळ्यांसाठी बटणं आणि मणी लावणंही मी सोडलं आहे. बैलाचा डोळा काळ्या लोकरीच्या दोन टाक्यांत होतो, आणि पोळ्याच्या झुलीवरची नक्षी रंगीत साखळीटाक्याने.